ग्रहणे दोन, साहेब एक : जमखंडी, विजयदुर्ग आणि हेलियम

शके १७९०, श्रावण अमावास्या, मंगळवार. इंग्रजी तारीख १८ ऑगस्ट १८६८. गणेश चतुर्थी तीन-चार दिवसांवर आलेली. सार्वजनिक उत्सव सुरू व्हायला अजून पंचवीस वर्षे होती, पण घरोघरी मखराची आणि शाडूच्या मूर्तीची तयारी चालू असणारच. त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास कोकण किनाऱ्यापासून थेट मछलीपट्टणपर्यंतच्या एका पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकला गेला. विजयदुर्ग, जमखंडी, विजापूर, गुंटूर ही सगळी गावे त्या पट्ट्यात. अंधार पाच मिनिटांहून अधिक टिकला. खग्रास ग्रहणाच्या हिशेबाने हा काळ फार मोठा आहे.

या ग्रहणाची आठवण दर ऑगस्टमध्ये आपल्या मोबाइलवर येते. संदेश साधारण असा असतो: 'नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून १८ ऑगस्ट १८६८ रोजी हेलियमचा शोध लावला.' किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' दाखवले जातात, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. आमच्या मंडळातही हा संदेश फिरला आणि मुलांच्या प्रश्नमंजूषेत त्यावर एक प्रश्न घालावा असे ठरत होते. आम्ही पडलो सरकारी नोकर. कागद पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय घरीही सुटत नाही. म्हणून तारखा लावून पाहिल्या. त्यातून जे निघाले ते मूळ गोष्टीपेक्षा अधिक रंजक आहे, आणि त्यात आपल्या सीमाभागाचाही एक वाटा आहे. त्यासाठी हा लेख.

आधी थोडे रसायनशास्त्र. घाबरण्यासारखे काही नाही, निम्मे तर स्वयंपाकघरातलेच आहे. भाताचे मीठ घातलेले पाणी उतू जाऊन गॅसवर सांडले की निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. हा पिवळा उजेड लोलकातून पाहिला तर पट्टा न दिसता अगदी जवळजवळ असलेल्या दोन बारीक पिवळ्या रेषा दिसतात. पोटॅशियमच्या रेषा वेगळ्या, तांब्याच्या वेगळ्या. प्रत्येक मूलद्रव्याची सही वेगळी, आणि ती खोटी करता येत नाही. जर्मनीत किरचॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये हे पक्के केले आणि या सह्यांवरूनच सीझियम व रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली. तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही, असे फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत याने १८३५ मध्ये लिहून ठेवले होते. पंचवीस वर्षांत ते लिखाण रद्दीत गेले.

अशी सही का उमटते, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. उत्तर १९१३ मध्ये नील्स बोर यांनी दिले. अणूच्या मध्यभागी जड केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा बाळगता येत नाही, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. आमच्या खात्यातल्या मंडळींना हे लगेच समजेल. वेतनश्रेणीचे टप्पे ठरलेले असतात आणि दोन टप्प्यांमधला पगार कोणालाच मिळत नाही. इलेक्ट्रॉन वरच्या टप्प्यावरून खालच्या टप्प्यावर आला की मधला फरक प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. फरक ठरलेला म्हणून रंग ठरलेला. सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन, हेलियमच्या केंद्रकात २. दोघांच्या श्रेणीच वेगळ्या, म्हणून रेषाही वेगळ्या.

आता पुन्हा १८६८ कडे. सूर्य झाकला की त्याच्या कडेवर तांबड्या ज्वाळांसारखे उमाळे दिसतात. ते कशाचे आहेत, हा त्या वेळचा मोठा प्रश्न होता. लोलकाचे यंत्र लावून ते तपासण्याची ही पहिली मोठी संधी होती. फ्रान्सहून ज्यूल जान्सेन आले आणि गुंटूरला थांबले. गुंटूरलाच मेजर टेनंट हे इंग्रज अधिकारी छायाचित्रे घेण्यासाठी होते. मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला गेले आणि त्यांचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या मुलखातल्या वनपर्तीला. विजापुरास कॅप्टन हेग होते.

आणि लंडनच्या रॉयल सोसायटीची उपकरणे घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल आले ते आपल्या जमखंडीला. हे हर्शेल म्हणजे युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ते नोकरीला होते. जमखंडी त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान. आज ते गाव बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि आपल्यापैकी अनेकांना ते गुरुदेव रानड्यांचे जन्मगाव म्हणून माहीत असते. ऑगस्टात सह्याद्रीच्या पश्चिमेला आभाळ कसे असते हे कोकणात माहेर असलेल्या कोणालाही विचारावे. घाट उतरून पूर्वेला आले की पाऊस कमी, सूर्य दिसण्याची आशा अधिक. तरीही जमखंडीत ढगांनी छळलेच. मौल्यवान मिनिटांपैकी बरीचशी ढगात गेली. मध्येच थोडी उघडीप मिळाली तेवढ्यात हर्शेल यांनी यंत्र एका उमाळ्यावर रोखले आणि त्यांना तीन झळझळीत रेषा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. बाकी सगळा अंधार. याचा अर्थ स्पष्ट होता, ते उमाळे तापलेल्या वायूचे होते. तांबडी आणि निळी या रेषा हायड्रोजनच्या.

राहिली ती मधली. हर्शेल यांनी तिला नारिंगी म्हटले, इतरांनी पिवळी. ती सोडियमच्या जागेजवळ होती, म्हणून हर्शेल यांनी ती सोडियमचीच धरली. पॉगसन यांनाही ती दिसली. ती सोडियमच्या रेषेवर किंवा तिच्या अगदी जवळ आहे, असे त्यांनी लिहिले. हे 'किंवा जवळ' फार महत्त्वाचे होते. पण पॉगसन यांचा अहवाल छापला मद्रासच्या सरकारी छापखान्याने. सरकारी छापखान्यातून निघालेला अहवाल किती लोक वाचतात, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

गुंटूरला जान्सेन यांनी वेगळीच कमाल केली. रेषा एवढ्या तेजस्वी दिसतात तर ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, भर उन्हात त्यांनी सूर्याच्या कडेवरचे उमाळे पाहून दाखवले. पुढे काही आठवडे ते रोज हेच पाहत बसले. पिवळी रेषा मात्र नव्या पदार्थाची आहे असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. अनेक पुस्तके 'जान्सेन यांनी गुंटूरला हेलियम शोधला' असे सरळ लिहितात, तेही तितकेसे बरोबर नाही.

मग लॉकयर कुठे होते? लंडनमध्ये. ते ब्रिटिश युद्धखात्यात कारकून होते आणि आकाश पाहणे हा त्यांचा कचेरीबाहेरचा उद्योग. आमच्यासारख्यांना या माणसाबद्दल जरा अधिक आपुलकी वाटते ती यामुळे. ग्रहणाशिवाय उमाळे पाहता येतील ही कल्पना त्यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती, पण त्यासाठी मागवलेले यंत्र तयार होऊन हातात पडले ते १६ ऑक्टोबर १८६८ रोजी. २० ऑक्टोबरला त्यांनी घरूनच उमाळ्यांच्या रेषा पाहिल्या. जान्सेन यांचे हिंदुस्थानातून निघालेले पत्र आणि लॉकयर यांची बातमी या दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत पोचल्या. आधी कोण, यावरून भांडण व्हायला हरकत नव्हती. अकादमीने पुढे दोघांचेही चेहरे असलेले एकच पदक पाडले. आवक-जावक नोंदीवरून वर्षानुवर्षे चालणारे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या तोडग्याचे मोल कळेल.

लॉकयर यांच्यापुढे ग्रहणाची पाच मिनिटांची घाई नव्हती, त्यामुळे पिवळी रेषा नीट मोजता आली. सोडियमच्या दोन रेषा साधारण ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. ही तिसरी ५८७.६ च्या जवळ. फरक दीड नॅनोमीटरइतकाही नाही, पण सहीतला एक फाटा वेगळा असला तरी सही वेगळी. हायड्रोजनमधून ही रेषा काढण्याचा प्रयत्न लॉकयर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर केला, जमले नाही. मग उरला एकच तर्क: हा पृथ्वीवर न सापडलेला पदार्थ आहे. ग्रीक भाषेत सूर्याला 'हेलिओस' म्हणतात, त्यावरून 'हेलियम' हे नाव पडले, आणि १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या भाषणात ते जाहीरपणे आले.

रसायनशास्त्रज्ञांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. वस्तू बाटलीत नाही, वजन माहीत नाही, नुसती एक रेषा. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली तेव्हा तिच्यात पुढे सापडणाऱ्या मूलद्रव्यांसाठी रिकाम्या जागा सोडल्या होत्या, पण हेलियमसाठी त्यात जागाच नव्हती. सत्तावीस वर्षे अशीच गेली. मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांनी क्लीव्हाइट नावाचे युरेनियमयुक्त खनिज आम्लात टाकले आणि निघालेल्या वायूची रेषा पाहिली, तर तीच ती पिवळी. त्यांना शोधायचा होता आर्गॉन, सापडला सूर्यावरचा पदार्थ. विल्यम क्रूक्स यांनी मोजून खात्री केली. स्वीडनमध्ये उप्साला येथे क्लेव्ह आणि लांगले यांनीही त्याच वर्षी तो वेगळा केला. १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन सापडले आणि आवर्तसारणीला एक अख्खा नवा रकाना जोडावा लागला. कोणाशी संयोग न पावणाऱ्या या वायूंचे कारणही अणूच्या रचनेतच आहे: हेलियमच्या पहिल्या कक्षेत दोनच जागा, आणि दोन्ही भरलेल्या. (हेच रॅम्से पुढे जमशेटजी टाटांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आले. विज्ञानसंस्थेसाठी त्यांनी बंगळूरची शिफारस केली, आणि १९०९ मध्ये ती संस्था तिथेच उघडली.)

तो वायू दगडात गेला कसा, हे रदरफर्ड यांनी उलगडले. युरेनियम, थोरियम अशी जड मूलद्रव्ये आपोआप फुटतात आणि त्यातून अल्फा कण बाहेर पडतात. अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रकच, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. खडकातच त्याला दोन इलेक्ट्रॉन मिळतात आणि हेलियमचा अणू तयार होतो. आपल्या गावच्या एमआरआय यंत्रात जो थंडगार द्रव लागतो, उणे २६९ अंशांचा, तो याच मार्गाने जमिनीखाली साठलेल्या वायूपासून केलेला असतो.

आता विजयदुर्ग. तिथल्या लोकांची आठवण निव्वळ खोटी आहे का? नाही. लॉकयर विजयदुर्गास आले होते, यंत्रे मांडली होती, खग्रास सूर्यग्रहण पाहिले होते. पण ते २२ जानेवारी १८९८ रोजी. त्या वर्षीचा ग्रहणपट्टाही विजयदुर्गावरूनच गेला. एकाच किल्ल्यावर तीस वर्षांत दोन खग्रास ग्रहणे, हा योगायोग असा की कोणाचीही गल्लत व्हावी. तोवर कारकून लॉकयर 'सर नॉर्मन' झाले होते आणि 'मेल्पोमेनी' या लढाऊ जहाजाचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी करमाळ्याजवळ जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला होते, तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही होती. साहेबाचे कट्टे या १८९८ च्या मुक्कामाशी जोडणे हेच कागदांना धरून आहे. त्या दिवशी हेलियम पृथ्वीवर सापडूनही जवळजवळ तीन वर्षे झाली होती.

त्याआधी एकदा, डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला, लॉकयर हिंदुस्थानात आले होते तेव्हाही ते पश्चिम किनाऱ्यावरच्या एका किल्ल्यावरच थांबले, केरळातल्या बेकल येथे. साहेबांना किल्ले आवडत असावेत.

आमच्या मते विजयदुर्गचे कट्टे जपलेच पाहिजेत, हेलियम दिनही खुशाल व्हावा, फक्त फलकावर दोन्ही तारखा असाव्यात. प्रश्नमंजूषेतला प्रश्न आम्ही बदलला आहे. आता मुलांना विचारणार आहोत की १८६८ च्या ग्रहणात ती पिवळी रेषा कुठून कुठून पाहिली गेली. उत्तरात जमखंडी आले तर पूर्ण गुण.

एक विनंती. आतापर्यंत सांगितले ते सगळे साहेबांच्या अहवालांतले. आपल्यापैकी काही घराणी जमखंडी, मुधोळ, विजापूर भागातून इथे आलेली आहेत. कोणाच्या माळ्यावर, पेटीत, जुन्या पंचांगाच्या कडेला किंवा घरच्या जमाखर्चाच्या वहीत शके १७९० च्या श्रावण वद्य अमावास्येची काही नोंद असेल, मोडीत असली तरी चालेल, तर ती उत्सवाच्या दिवसांत मंडळाच्या वाचनालयात दाखवायला आणावी. मोडी वाचणारे दोघे जण आमच्यात आहेत.