संगोपन

‘संगोपन’ हा शब्द आज इतका घरगुती झाला आहे की त्याचे कुळ शोधावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. वास्तविक वाढविणे हा त्याचा मूळ अर्थच नव्हे. मूळ अर्थ राखणे आणि झाकणे. धातू ‘गुप्’. पाणिनी त्यापासून ‘गोपायति’ हे रूप साधतो. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ हा क्रम उलटा लावतात. त्यांच्या मते आधी गाई राखणारा ‘गोपा’, त्यावरून ‘गोपायति’, आणि धातू मागाहून वेगळा काढलेला. शब्दाचा जन्म असा गुरांच्या मागे झाला. त्याची भावंडे मात्र चमत्कारिक आहेत: गुप्त, गोपनीय आणि चक्क जुगुप्सा! जे राखावयाचे ते दडवावयाचे, आणि ज्यापासून स्वतःला राखावयाचे त्याची किळस यावयाची.

मराठीने झाकण्याचा अर्थ मागे टाकला. छंदाची आपण जोपासना करतो, जमिनीची मशागत. संगोपन करतो ते जिवाचे, आणि तेही दुसऱ्याने राखल्यावाचून न जगणाऱ्या जिवाचे. रोपटे, वासरू, मूल.

पण टाकलेला अर्थ समाजाने टाकला होता असे नव्हे. गेल्या शतकामागच्या शतकात उच्चवर्णीय विधवेला दिवस गेले की सारे घर गोपनाला लागे, आणि असे मूल झाकणे म्हणजे बहुधा त्याचा जीव घेणे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे. मूल हवे तर न्यावे, नाही तर ठेवून जावे. शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एका छपराखाली नांदले. फरक एवढाच, की झाकली गेली ती आईची ओळख, आणि राखले गेले ते मूल. डिसेंबर १८८४ मधील आपल्या लेखी मतात जोतीराव अशा पस्तीस विधवा आल्याचे सांगतात. पस्तीस हा आकडा लहान वाटेल. पण एकेका आकड्यामागे एक आडवाट आणि एक रात्र होती.

त्यांपैकीच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत. त्याला फुले दांपत्याने दत्तक घेतले, उघडपणे, स्वतःचे नाव देऊन. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ त्याने चालविलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. तेथेच त्यांना प्लेग झाला, आणि १० मार्च रोजी त्या गेल्या.