वेळेआधी जन्मलेलं बाळ घरी आलं. आता आईकडे कोण बघणार?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे प्रीमॅच्युअर बाळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. जगातल्या दर पाच प्रीमॅच्युअर बाळांपैकी एक आपल्याकडचं. एनआयसीयूमधल्या उपचारांबद्दल बरंच बोललं जातं. डिस्चार्जनंतर घरात काय होतं, याबद्दल मात्र फारसं नाही.

डिस्चार्जचा दिवस आनंदाचा खराच. पण कालपर्यंत बाळाचे ठोके मॉनिटर मोजत होता, हाक मारली की नर्स येत होती. आज ते सगळं काम एकट्या आईवर येतं. बाळ जास्त झोपलं तरी ती घाबरते, आणि बाळ रात्रभर झोपलं तर तिला झोप लागत नाही.

तिचा दिवस कसा जातो, ते जरा हिशेब करून बघा. अशी बाळं लवकर दमतात, भूक लागली म्हणून रडतीलच असं नाही. त्यामुळे दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं, म्हणजे दिवसातून ८ ते १२ वेळा. ओढायची ताकद कमी असेल तर दूध काढायचं, वाटी-चमच्याने थेंब थेंब भरवायचं, मग भांडी धुऊन उकळायची. एक फेरी संपेपर्यंत दुसरीची वेळ होते. अशा वेळी ‘दूध पुरत नाही वाटतं’ हे वाक्य तिला अजिबात ऐकवू नये. भांडी उकळणं, कपडे धुणं, तिला वेळेवर गरम जेवण वाढणं, दुपारी दोन तास सलग झोपू देणं ही कामं घरातलं कुणीही करू शकतं.

बाळाला ऊब देणंसुद्धा फक्त आईचं काम नाही. कांगारू मदर केअर म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवणं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडत होते, तिथून ही पद्धत सुरू झाली. कमी वजनाच्या बाळांना रोज किमान ८ तास असं ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नावात ‘मदर’ असलं तरी बाबा, आजी, मावशी यांची छातीही तितकीच उबदार असते. बाबांनी रात्री दोन तास बाळ घेतलं तर तेवढा वेळ आईचा डोळा लागतो.

पाहुण्यांचा प्रश्न नाजूक आहे. ‘केवढंसं आहे!’, ‘आमच्या सुनेचं तर चार किलोचं होतं’ हे प्रेमाने म्हटलं तरी आईला लागतं. शिवाय या बाळांना संसर्ग पटकन होतो. बारसं पुढे ढकललं तर काही बिघडत नाही. धुरी, गुटी, मध यांनाही नाही म्हणावं लागतं, आणि हा नकार सुनेने सासूला देण्यापेक्षा मुलाने आईला दिलेला बरा.

वाढीची तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी विकासाच्या दृष्टीने ते चार महिन्यांचंच धरतात. लस मात्र जन्मतारखेनुसारच द्यायची. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी साधारण महिन्याच्या आत व्हायला हवी. ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते. या तारखा लक्षात ठेवण्याची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावी.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात. (या घरभेटींच्या योजनेमागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेलं काम आहे.) पण बाळ महिनाभर दवाखान्यातच राहिलं तर यातले बरेच दिवस तिथेच निघून जातात. म्हणून घरी येताच गावच्या किंवा वॉर्डातल्या आशाताईंना कळवा. आई माहेरी असेल तर तिथल्या. बाळ दूध पीत नसेल, थंड किंवा निळसर पडलं असेल, छाती आत ओढून श्वास घेत असेल, तर मात्र कुणाची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आणि आईचं मन? बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, ‘माझ्यामुळेच असं झालं’ हे डोक्यातून जात नसेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. प्रीमॅच्युअर बाळांच्या आयांमध्ये त्याचं प्रमाण जास्त दिसतं. त्यावर उपचार आहेत. सरकारच्या ‘टेलिमानस’ हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ वर, मराठीतही बोलता येतं. फोन घरच्यांनी लावून दिला तरी चालतो.

नोकरी करणाऱ्या आईची अडचण आणखी वेगळी. पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण बाळ एनआयसीयूत असतानाचे आठवडेही त्यातच मोजले जातात. बाळ घरी रुळतं ना रुळतं तोच रजा संपत आलेली असते. त्यामुळे वाढीव रजा किंवा घरून काम करण्याबद्दल ऑफिसशी बोलणी डिस्चार्जच्या सुमारासच सुरू केलेली बरी, आणि त्यासाठी बाळाच्या डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स जपून ठेवावी.