पोष ग्रंथीतील ग्राही-संदेशन व शोथकारक रेणू

पेशीच्या ग्राहींवर येणाऱ्या संकेतांनुसार पोष ग्रंथीत इंटरल्यूकिन-६ सारखे शोथाशी निगडित रेणू स्रवण्याची नियंत्रित प्रक्रिया (पहा : पोष ग्रंथी, शोथ).

उगम : वाटाण्याएवढ्या या ग्रंथीच्या अग्रखंडात हॉर्मोने स्रवणाऱ्या पेशींमधल्या फटींतून बारीक फाटे पसरलेल्या ताराकृती पेशी असतात. राइनहार्ट व फारकर यांनी १९५३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या. स्वतः अग्रखंडाचे एकही नेहमीचे हॉर्मोन न स्रवणाऱ्या या पेशी नुसता आधार देतात, असा समज बराच काळ होता. १९८९ मध्ये याच पेशी इंटरल्यूकिन-६ चा स्रोत असल्याचे दिसले. त्याच वर्षी फेरारा व हेन्झेल यांनी गाईच्या अशाच पेशींच्या संवर्धन-द्रवातून रक्तवाहिन्या वाढवणारा घटक वेगळा केला.

वैशिष्ट्ये : जिवाणूंच्या आवरणातील अंतर्विष टोल-सदृश ग्राही-४ ने ओळखले की एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीकेंद्रकात शिरते व इंटरल्यूकिन-६ चे जनुक जागे होते. पॅकॅप हे पेप्टाइड व अ‍ॅडेनोसीन यांचे ग्राही हाच स्राव वेगळ्या वाटेने वाढवतात. पॅकॅपच्या बाबतीत चक्रीय एएमपी मध्यस्थ असते. ग्लुकोकॉर्टिकॉइडे स्राव रोखतात.

महत्त्व : इंटरल्यूकिन-६ मुळे अधिवृक्क-बाह्यक-प्रेरक हॉर्मोन वाढते, त्यातून कॉर्टिसॉल वाढते (पहा : अधिवृक्क ग्रंथी) आणि शोथ आवरला जातो, शोथाचा रेणूच शोथाला वेसण घालतो. जनावरांत अंतर्विषामुळे ल्युटिनायझिंग हॉर्मोनाचा स्राव दबतो व माज लांबू शकतो. त्यात अधश्चेतकाचाही वाटा असतो. परभणी-नांदेड पट्ट्यातील लाल कंधारी गाईंच्या जिवाणूजन्य कासदाहाकडे पाहताना हा दुवा ध्यानात घ्यावा लागतो (पहा : कासदाह).