लॅपटॉपवरचं ॲप सगळ्यांच्या फोनवर कसं पोहोचतं?

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळघाटच्या एका विद्यार्थ्याने रक्तदात्यांची यादी दाखवणारं वेब ॲप बनवलं. त्याच्या लॅपटॉपवर ते 'लोकलहोस्ट' या पत्त्यावर छान उघडतं. हीच लिंक मित्राला पाठवली, तर मित्राचा फोन ते ॲप स्वतःमध्येच शोधतो. कारण लोकलहोस्ट म्हणजे 'हेच यंत्र'.

सगळ्यांना दिसण्यासाठी ॲप चोवीस तास चालू असणाऱ्या सर्व्हरवर ठेवावं लागतं. याला 'डिप्लॉयमेंट' म्हणतात. असे सर्व्हर भाड्याने मिळतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्र सुरू केलं.

पायऱ्या कोणत्या?

१. कोड गिटहबवर ठेवणे.
२. लागणाऱ्या लायब्ररींची यादी सोबत देणे.
३. रेंडर किंवा हेरोकूसारख्या प्लॅटफॉर्मला गिटहब जोडणे.
४. ॲप सुरू करण्याची कमांड देणे.

यानंतर ॲपला स्वतःचा पत्ता मिळतो.

चूक कुठे होते?

पासवर्ड कोडमध्ये लिहिला, तर तो गिटहबवरही जातो. नंतर पुसला तरी जुन्या नोंदींत राहतो. त्यामुळे रक्तदात्यांचे फोन नंबर परक्याच्या हाती पडू शकतात. पासवर्ड प्लॅटफॉर्मच्या सेटिंगमध्ये, 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' म्हणून ठेवतात.

दुसरी चूक माहितीची. हेरोकूवर ॲप साधारण दिवसातून एकदा नव्याने सुरू होतं आणि ॲपने तिथल्या फाइलमध्ये साठवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून यादी वेगळ्या डेटाबेसमध्येच हवी. नाहीतर ऐन गरजेच्या वेळी ॲप उघडेल, पण यादी रिकामी असेल.