शिक्षकांना न कळलेली भाषा

निकाराग्वा देशात १९७७ पूर्वी बहुतेक कर्णबधिर मुले एकमेकांपासून दूर, आपापल्या घरीच वाढत. त्या वर्षी राजधानी मानाग्वात त्यांच्यासाठी शाळा सुरू झाली. वर्गात ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवत. मुलांना ते फारसे जमेना. मैदानात आणि बसमध्ये मात्र त्यांचे हात अखंड बोलत! प्रत्येकाच्या घरगुती खुणा एकमेकींत मिसळल्या. पुढे आलेल्या लहानग्यांनी त्यांना व्याकरण दिले. शिक्षकांना काही उमगेना. म्हणून १९८६ मध्ये अमेरिकन भाषावैज्ञानिक ज्यूडी केगल यांना बोलावले गेले. हे नुसते हातवारे नव्हते. ती नवी भाषाच होती. भाषा घडवण्याची ओढ मुलांत उपजतच असावी. पण तिला सोबती लागतात. आपल्या वर्गातले अबोल मूल मधल्या सुट्टीत काय करते, पाहिले आहे का?