कंडेन्सर निवडताना

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून, अगदी टकळीतूनही, मुलांना सर्व शिक्षण देता येईल, हा विचार गांधीजींनी तीत मांडला. रेडिओसाठी घरी एलिमिनेटर बनवताना मला त्याची हमखास आठवण होते. कारण त्यातला साधा कंडेन्सर निवडायलाही इतिहास, गणित आणि आपल्या गावची हवा, तिन्ही लागतात.

आधी इतिहास पाहू. १७४६ मध्ये हॉलंडमधील लायडेन येथे मुशेनब्रुक यांनी काचेच्या बरणीत वीज साठवली आणि तिचा जबर झटकाही अनुभवला. ‘कंडेन्सर’ हे नाव १७८२ साली व्होल्टाने दिले. तो घरोघर पोचला मात्र रेडिओमुळे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस रेडिओ बॅटरी सोडून घरच्या विजेवर चालू लागले आणि घोंगावू लागले. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. डायोडांनी तिला एकाच दिशेला वळवले तरी १०० हेलकावे उरतात. दोन हेलकाव्यांमधली खोच भरून काढण्याचे काम कंडेन्सरचे.

आता गणित. रेडिओ ०.१ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर १००० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर दोन हेलकाव्यांमध्ये साधारण १ व्होल्टची घट येते. १९७०च्या सुमारास आलेला तीन पायांचा रेग्युलेटर ती सहज पचवतो. पण १ अँपिअर घेणारे यंत्र जोडले, तर हीच घट १० व्होल्टच्या घरात जाते आणि रेग्युलेटर हात टेकतो. रेग्युलेटरच्या पायांशी ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे दोन छोटे कंडेन्सरही जवळच जोडावेत, म्हणजे तो स्थिर राहतो.

कंडेन्सरवर लिहिलेला व्होल्टचा आकडा तितकाच महत्त्वाचा. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा माथा १७ व्होल्टपर्यंत चढतो. डायोडांत थोडे गळूनही १५.६ उरतात. म्हणजे १६ व्होल्टचा कंडेन्सर अगदी काठावर उभा. रात्री पुरवठ्याचा दाब वाढला की संपला! म्हणून २५ व्होल्टचा घ्यावा, ३५चा मिळाल्यास उत्तम. धन-ऋण टोके तपासूनच जोडावीत. उलटा जोडलेला कंडेन्सर तापून फुटतो.

उरली वर्ध्याची हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, बंद डबीत त्याहून अधिक. या कंडेन्सरमधला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. त्यामुळे ८५ अंशांच्या शिक्क्याऐवजी १०५ अंशांचा घेतला, तर तो चौपट टिकावा. तो रेग्युलेटरच्या तापणाऱ्या पत्र्यापासून दूर बसवावा आणि डबीला भोके ठेवावीत.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. ज्या घरात सेलचा खर्च जड जातो, तिथे त्याच्या बातम्या ऐन उन्हाळ्यातही ऐकू याव्यात, यासाठी कंडेन्सरमागे चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्यावेत.