जिथे हात पोहोचतो

पांढरकवड्यातली दुपार. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तुम्ही टेबलाशी उभे आहात. समोर काचेची नळी, तिच्यामागे काळ्या रेघा आखलेला कागद. बोटातून काढलेलं रक्त द्रावणात मिसळतं, नळी गढूळ होत जाते आणि थोड्या वेळात मागच्या रेघा दिसेनाशा होतात. तंत्रज्ञ वहीत ‘सिकल पॉझिटिव्ह’ लिहितो.

बाहेर बाकावर दीड वर्षाचा मुलगा आजीच्या मांडीवर पडलाय. बोटं फुगून ताणलेली, पंजा मिटता येत नाही. “हातपाय सुजले जी याचे. रातभर रडते,” आजी म्हणते. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी हाडांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या आहेत.

आता काळ मागे फिरवा. सूज उतरते, मुलाची पावलं रांगण्यात विरघळतात, दात हिरड्यांत परत जातात. जन्माच्या दिवशी थांबा. त्या दिवसाचं रक्त याच नळीत टाका: रेघा स्पष्ट दिसतील. आजाराचं अक्षर तर तेव्हाही तिथेच होतं, बीटा ग्लोबिनच्या जनुकात ए च्या जागी टी. मग बाळाला कोण सांभाळत होतं? 1948 साली न्यू यॉर्कमध्ये जॅनेट वॉटसन यांना हेच दिसलं होतं. सिकलसेलच्या नवजात बाळांच्या पेशी सहजी वाकत नव्हत्या, कारण त्यांत गर्भातलं हिमोग्लोबिन भरलेलं होतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं जनुक मिटतं, बीटाचं कामाला लागतं आणि दुखणं सुरू होतं.

गॅमाचं जनुक मिटतं कसं, हे पाहायला आणखी लहान व्हा. बाळाच्या अस्थिमज्जेत, तांबडी पेशी अजून घडते आहे तिथे, तिच्या केंद्रकात शिरा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान खोली, आणि तीत दोन मीटर लांब डीएनए. यवतमाळच्या जिनिंगमध्ये दाबून बांधलेली 170 किलोची गाठ तुम्ही पाहिली असेल. तिच्या पोटात हात घालून बघा, बोटही शिरत नाही. ढिगातल्या मोकळ्या रुईत मात्र कोपरापर्यंत हात जातो. इथेही तसंच आहे. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या चात्यांवर डीएनएचा धागा गुंडाळलाय. एका चातीवर 147 अक्षरं, जेमतेम पावणेदोन वेढे. काही भागांत चात्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, काही ठिकाणी धागा उघडा. या सगळ्या मांडणीला क्रोमॅटिन म्हणतात.

तेवढ्यात तुमच्या अंगाला घासून गॅटा-1 जातो. हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन. त्याला जी-ए-टी-ए या अक्षरांची ओढ. तशी अक्षरं जीनोममध्ये लाखो ठिकाणी आहेत, तो बसतो मात्र काही हजार ठिकाणी. बाकीच्या ठिकाणी गाठ आवळलेली असते, किंवा सोबतीची प्रथिनं नसतात. काही फॅक्टर बंद गाठीशीही झटून वाट करतात. हिस्टोनांच्या शेपटांवर अॅसिटिल गट चढले की पकड सैल होते. मग बाकीच्यांचा हात पोहोचतो.

एक थांबा 1976 चा. अमेरिकेत हॅरॉल्ड वाइनट्राउब आणि मार्क ग्राउडिन कोंबडीच्या तांबड्या पेशी घेऊन बसलेत. आपल्या तयार तांबड्या पेशींत केंद्रक उरत नाही, पक्ष्यांच्या पेशींत उरतं. ते डीएनए कापणारं विकर, डीएनेज, थोडंसं टाकतात. तांबड्या पेशीत ग्लोबिनचं जनुक आधी कापलं जातं. इतर पेशींत तेच जनुक, त्याच अक्षरांचं, शाबूत राहतं. मला हा प्रयोग फार मोठा वाटतो. मजकूर तोच, पण कात्री कुठे पोहोचते यावरून पेशी कोणती ते ओळखू येतं.

तीच कात्री पुढे पांढरकवड्याच्या बाळापर्यंत येते. गॅमाला मिटवणारं प्रथिन आहे बीसीएल11ए. ते काढून टाकावं म्हटलं तर ते मेंदूला आणि रोगप्रतिकारक बी पेशींनाही लागतं. ते नसलेली उंदराची पिल्लं जन्मताच मरतात. 2013 साली बॉस्टनमध्ये डॅनियल बावर, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी या जनुकाच्याच पोटात एक जागा दाखवली. घडत्या तांबड्या पेशींत तिथे डीएनेज कापतं, म्हणजे जागा उघडी. तिथे गॅटा-1 बसतो आणि बीसीएल11ए ला जोर देतो. बी पेशींत मात्र ती जागा मिटलेली. गॅटा-1 ची ती अक्षरं मोडली की तांबड्या पेशींतच बीसीएल11ए उतरतं, गॅमा परत येतं, बाकी शरीरातल्या बीसीएल11ए ला धक्का लागत नाही. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने नेमकं हेच करणाऱ्या उपचाराला 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. मूळ चुकलेलं अक्षर तसंच राहतं. त्याला कुणी हातही लावत नाही.

अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. झरी-जामणीच्या पोडावरच्या कोलाम कुटुंबासमोर हा आकडा उच्चारवत नाही, आणि मला तो सहनही होत नाही. आज हाताशी आहे हायड्रॉक्सियुरियाची गोळी. तीही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, फक्त रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं.

परत पांढरकवडा. मुलाची आई आता दारात आलीय, पदराखाली दोन महिन्यांची मुलगी.

“हिचंबी पाहाल का जी?” आजी विचारते.

“या नळीत नाही आजी,” तंत्रज्ञ म्हणतो. “सहा महिन्यांच्या आत ही नळी फसवते. हिचं रक्त एचपीएलसीला पाठवू, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दिसतात.”

तो बाळाची टाच धरतो. तुमची नजर टेबलावरच्या कागदाकडे जाते. गढूळ नळी बाजूला ठेवलेली आहे, रेघा उघड्या पडल्या आहेत.